नोटीस बोर्डावरची यादी

प्रश्न : परळच्या आमच्या सोसायटीत 84 बिऱ्हाडे आहेत. एका नव्या भाडेकरूविषयी कुजबुज सुरू झाली आणि गेल्या सर्वसाधारण सभेत असा ठराव संमत झाला की लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची सरकारी यादी मिळवून ती नोटीस बोर्डावर लावावी. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे घर घेण्याआधी आसपासच्या अशा माणसांची नावे संगणकावर पाहता येतात, असे तो सांगतो. मला सात वर्षांची नात आहे. आपल्याकडे ही सोय का नाही? (सोसायटीचे सचिव, परळ)

उत्तर : सचिव महोदय, ठराव मांडणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही, पण तो अमलात आणता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. अशी यादी आपल्याकडे आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने ती 20 सप्टेंबर 2018 रोजी सुरू केली, तेव्हाच तिच्यात सुमारे 4 लाख 40 हजार नोंदी होत्या, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे असे सारे तिच्यात असते, पण ती उघडण्याचा अधिकार पोलीस व तपास यंत्रणांनाच आहे. शिवाय तिच्यात शिक्षा झालेलेच असतात, त्यामुळे ज्याच्याविषयी नुसती कुजबुज आहे त्या भाडेकरूबद्दल ती यादी हाती येऊनही बहुधा काहीच सांगणार नाही.

भाच्याचे म्हणणे खरे आहे. कॅलिफोर्नियाने 1947 मध्येच अशी नोंदणी सुरू केली होती, पण यादी सर्वांसाठी खुली करण्याची लाट आली ती 1994 नंतर. त्या वर्षी न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने खून केला. त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती आणि आळीत ते कोणालाच ठाऊक नव्हते. आधी कळले असते तर मुलीला जपले असते, या तिच्या आईवडिलांच्या आकांतातून न्यू जर्सीचा आणि 1996 मध्ये सबंध अमेरिकेचा कायदा झाला. या हेतूबद्दल शंका घेण्याचे धाडस मी करणार नाही.

पुढे त्यात दुसरे हेतू मिसळले. अशा विधेयकाविरुद्ध मत देऊन मतदारांसमोर उभे राहणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला परवडत नाही आणि यादी केली की काम केल्याचे दिसते. 2006 च्या ॲडम वॉल्श कायद्याने तर राज्यांना पैशांचाच बडगा दाखवला : नोंदणी केंद्राच्या नियमांप्रमाणे केली नाही, तर पोलीस व न्यायव्यवस्थेसाठी मिळणाऱ्या एका केंद्रीय अनुदानातून दहा टक्के कापले जातील. टेक्सासने हिशेब मांडला, तेव्हा नियम पाळायला जवळजवळ 4 कोटी डॉलर लागणार होते आणि न पाळल्यास नुकसान होते सुमारे 14 लाखांचे. किराणा दुकानदारालाही कळेल असा हा हिशेब आहे, आणि टेक्सासने अनुदानातली कपात पत्करली.

सरकारी जमाखर्चात न दिसणारा खर्च मात्र याहून मोठा आहे. आयोवा राज्याने मुलांवर अत्याचार केलेल्यांना शाळा व पाळणाघरांपासून 2,000 फुटांच्या आत राहायला बंदी केली. दादरच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती तेवढे वर्तुळ काढून पाहा, राहायला बहुधा समुद्र आणि रेल्वेचे रूळ उरतील. आयोवात ही माणसे पत्ते न देताच राहू लागली आणि 2006 मध्ये तिथल्या सरकारी वकिलांच्या संघटनेनेच हे निर्बंध हटवा असे सांगितले. (आपल्या सभांत खरी धडकी कशाने भरते, हे ठाऊक असल्याने हेही सांगतो : उत्तर कॅरोलिनातील एका काउंटीत यादीतला माणूस दशांश मैलाच्या आत राहायला आला की घरांचे भाव सरासरी चार टक्क्यांनी उतरत, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.)

एवढे सोसून मुले सुरक्षित होतात का? अमेरिकेच्या 15 राज्यांतून 1994 मध्ये सुटलेल्या 9,691 लैंगिक गुन्हेगारांपैकी तीन वर्षांत पुन्हा तशाच गुन्ह्यासाठी अटक झाली ती 5.3 टक्क्यांना. न नोंदवलेले गुन्हे यात येत नाहीत, म्हणून या आकड्यावर मी फार भार देत नाही. आपल्याकडचा आकडा मला अधिक बोलका वाटतो : नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. बोर्डावर अनोळखी नावे शोधताना नजर जिन्याकडे लागते आणि घरात येणारा काका, शिकवणीचे सर, शेजारचा दादा नजरेआड होतात.

आता समजा, बोर्डावर तुमच्याच इमारतीतले एक नाव लागले, खोली क्रमांकासह. त्या घरात एकच मुलगी आहे. गुन्हा बापाचा आणि कलम बालकांवरील अत्याचाराचे असेल, तर मुलीचे नाव न लिहिताच सगळ्या इमारतीने ते वाचलेले असते. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 23 ने बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे ती याचसाठी. आई तक्रार करायला निघते तेव्हा घरातली वडीलधारी माणसे तिला आधी हीच भीती घालतात, हे वकिलीत मी पुन्हापुन्हा पाहिले आहे. त्यात यादीची भर पडली, तर कित्येक तक्रारी पोलीस चौकीपर्यंत पोचणारच नाहीत.

दिंडोशीच्या सत्र न्यायालयात दुसऱ्या प्रकारचा मुलगाही पाहायला मिळतो. वय एकोणीस, सतरा वर्षांच्या मैत्रिणीबरोबर पळालेला, तिच्या वडिलांनी तक्रार केलेली. कायद्यात संमतीच्या वयाची अट अठराची आहे, त्यामुळे शिक्षा झाली तर त्याचे नाव सराईत गुन्हेगारांच्याच रांगेत लागते.

मला ब्रिटनचा मार्ग बरा वाटतो. तिथली नोंदणी पोलिसांकडेच असते, आणि 2011 पासून इंग्लंड व वेल्समध्ये पालकाला एका विशिष्ट माणसाविषयी विचारता येते. मुलाला धोका आहे असे वाटले तरच पोलीस उत्तर देतात, तेही त्याच पालकाला. नुसत्या संशयाने पेटलेला जमाव काय करतो, हे त्यांनी पाहिले होते : वेल्समध्ये 2000 साली एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या दारावर शिवी रंगवली गेली, कारण रंगवणाऱ्याला ‘पीडिॲट्रिशियन’ (बालरोगतज्ज्ञ) आणि ‘पीडोफाइल’ (मुलांवर लैंगिक नजर ठेवणारा) यांतला फरक कळला नव्हता.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या बसने जाते. बसमधल्या मदतनिसाची पोलीस पडताळणी झाली आहे का, असे विचारल्यावर शाळेने ‘ते कंत्राटदाराचे काम’ म्हणून हात झटकले. (एक आई, मुलुंड)

उत्तर : मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे, ही 2020 च्या पॉक्सो नियमांनी संस्थेवरच टाकलेली जबाबदारी आहे आणि माणूस कंत्राटी असला तरी शाळेला ती झटकता येत नाही. तोंडी विचारू नका. मुख्याध्यापकांना पत्र द्या, पडताळणीची तारीख मागा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. मदतनिसाविषयी काही ठोस कानावर आले असेल, तर शाळेच्या उत्तराची वाट न पाहता पोलीस ठाण्यात किंवा 1098 या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवा. गुन्हा माहीत असून तो न कळवणाऱ्याला पॉक्सोत सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाचालकाला एक वर्षापर्यंत. हे वाक्य पत्राच्या शेवटी लिहायला हरकत नाही.