एक डॉलर किंवा अदलाबदल

प्रश्न असा आहे: इंटरनेट नव्हतं तेव्हा अंडरग्राउंड (म्हणजे मोठ्या प्रकाशकांना बगल देऊन काढलेली) किंवा स्वतःच्या पैशाने छापलेली कॉमिक्स काढणाऱ्या परदेशी चित्रकारांशी भारतातून कुणी पत्रव्यवहार केलाय का, आणि ते लोक उत्तर द्यायचे का?

द्यायचे. जवळजवळ सगळेच द्यायचे, आणि चांगुलपणा हे काही त्याचं मुख्य कारण नव्हतं. झेरॉक्स काढलेल्या प्रतींचा गठ्ठा ज्याच्या पलंगाखाली पडून आहे, त्याला कोल्हापूरहून एक वाचक पत्र लिहितो म्हटल्यावर तो उत्तर देणार नाही तर काय करणार? मोठ्या प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रांचं पुढे काय झालं ते देव जाणे.

मी लिहायचो नव्वदच्या दशकात, कॉलेजात असताना. पत्ते मिळाले मुंबईत, फाउंटनच्या फुटपाथवर. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘फॅक्टशीट फाइव्ह’चा एक कव्हर फाटलेला अंक हाती लागला. माइक गुंडरलॉयने १९८२ मध्ये सुरू केलेलं हे नियतकालिक म्हणजे घरगुती छपाईच्या अंकांची वहीच. प्रत्येक अंकाची चार ओळींत ओळख, खाली पत्ता आणि किंमत. बऱ्याच ठिकाणी किंमत अशी: एक डॉलर किंवा अदलाबदल. म्हणजे तुम्ही काढलेलं काहीतरी पाठवा, आमचं घ्या.

डॉलरचा प्रश्नच नव्हता. फेरा कायद्याचे दिवस, परकीय चलन पाकिटात घालून पाठवता येत नव्हतं, आणि येत असतं तरी आणणार कुठून? सरळ वाट एकच, इंटरनॅशनल रिप्लाय कूपन. आपल्या पोस्टात विकत घ्यायचं. समोरच्याने ते त्याच्या पोस्टात देऊन परदेशी पत्रापुरती तिकिटं घ्यायची. १९०७ पासूनची सोय आहे ही. पण रमणमळ्याच्या हेड पोस्टात मी ते मागितलं तेव्हा काउंटरवरच्या काकांनी आधी मनीऑर्डरचा फॉर्म पुढे केला. मग आतून नियमांचं जाडजूड पुस्तक आलं, मागोमाग पोस्टमास्तरही आले. त्यानंतर मी दारात दिसलो की काका लांबूनच ओरडायचे, “आले बघा कूपनवाले!”

कूपनात टपालखर्च भागतो, कॉमिकची किंमत नाही. तेव्हा अदलाबदल आलीच, आणि त्यासाठी स्वतःचं कॉमिक काढणं आलं. मला तर साधी म्हैस काढता येत नव्हती. मार्ग दाखवला क्लीव्हलंडच्या हार्वी पेकरने, म्हणजे त्याच्या उदाहरणाने. हा माणूस सरकारी हॉस्पिटलात फायली सांभाळायचा आणि १९७६ पासून पदरचे पैसे घालून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ काढायचा. चित्रकला शून्य. लिहायचा तो, चित्रं काढायचे रॉबर्ट क्रम्बसारखे नावाजलेले चित्रकार दोस्त. विषय काय, तर दुकानातली रांग, ऑफिसातली कुरबुर. हे कळल्यावर मी कलानिकेतनात शिकणाऱ्या एका मित्राला मिसळ खिलवून कामाला लावलं. आमचा विषय गंगावेशीतला दूध कट्टा: रात्री म्हशी उभ्या आहेत, समोर धार काढून ग्लास हातात मिळतोय आणि पिणारे राजकारणावर भांडतायत. आम्हाला यात काहीच विशेष वाटत नव्हतं. तिकडून मात्र पत्रावर पत्रं: म्हैस खरंच रस्त्यात उभी असते? दूध उकळत नाहीत? भांडण कशावरून होतं ते का नाही लिहिलं? शेवटचा प्रश्न मला फार आवडला. पुढचा अंक पूर्ण भांडणावर काढला.

बनवायची रीत सोपी. एक ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, दोन घड्या, एक काप, मध्ये पिना. झाली आठ पानं. मूळ कागद चिकटवताना १ च्या शेजारी ८, २ च्या शेजारी ७, अशी शेजाऱ्यांची बेरीज नऊ यायला हवी. हे मला ओहायोतल्या एकाने पत्रात आकृती काढून समजावलं. तो स्वतः रात्रपाळीला झेरॉक्सच्या दुकानात असायचा, आणि त्याचं अर्धं पत्र टोनरवरच, म्हणजे झेरॉक्सच्या शाईवरच असे. मोठा काळा भाग भरू नका, स्वस्त मशीन मधोमध करडं सोडतं. त्यापेक्षा रेषांची जाळी विणा. कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलने करा, झेरॉक्सवर निळं उमटत नाही, खोडायचा त्रास वाचतो. एकदा पाकिटातून बोटभर निळी पेन्सिलच आली. राजारामपुरीतल्या आमच्या झेरॉक्सवाल्याला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, “त्यांना म्हणावं, इथली लाइट पण सांभाळून दाखवा.”

म्हणजे कलेवर फार कुणी लिहायचंच नाही. कागद, पिना, भाडं, बॉस, टपालाचे वाढलेले दर. छापील मजकुराचा दर स्वस्त, पण त्यात खाजगी पत्र घालायला बंदी. म्हणून काहीजण मजकूर कॉमिकच्याच मागच्या पानावर बारीक अक्षरात कोंबायचे. जहाजाने आलेल्या पाकिटाला महिनोन्‌महिने लागायचे, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत प्रश्न काय होता ते मीच विसरलेलो असायचो. आणि खरं सांगायचं तर अर्धीअधिक कॉमिक्स सुमार होती. पत्रं मात्र क्वचितच कंटाळवाणी असायची.

सर्बियातला एक होता. १९९२ पासून त्यांच्यावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. तो आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवायचा आणि तेच धाडायचा. एकदा त्याने ५०० अब्ज दिनारची नोट पाठवली, १९९३ च्या अखेरीची, आणि खाली लिहिलं की तुझ्या कॉमिकची किंमत यात बसते का बघ. त्याच दिवसांवरची, सर्बियातल्याच पांचेवो गावच्या अलेक्सांदर झोग्राफची कॉमिक्स पुढे अमेरिकेत छापून आली. ती वाचताना मला या पाकिटांचाच वास यायचा.

“तुमच्याकडे असं काही नव्हतं का?” हे तिकडून हमखास विचारलं जाई. होतं आणि नव्हतं. साठच्या दशकात मराठीत सायक्लोस्टाइल करून काढलेली अनियतकालिकं होती, पण तिथे राज्य कवितेचं. व्यंगचित्रांची तर श्रीमंती: वसंत सरवटे जन्मले कोल्हापुरात, शि. द. फडणीस शाळेला इथेच होते. पण त्यांची चित्रं दिवाळी अंकांच्या आणि प्रकाशकांच्या हातून लोकांपर्यंत गेली. चित्रकारानेच लिहायचं, छापायचं आणि पोस्टात टाकायचं, ही गोष्ट माझ्या पाहण्यात तरी आली नाही. नर्मदेवरचं ओरिजित सेनचं कॉमिक ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये आलं तेव्हा कुठे मला पत्रात अभिमानाने लिहायला एक भारतीय नाव मिळालं.

आता तुम्हाला लिहायचं असेल तर वेळ गेलेली नाही. अमेरिकेतल्या जॉन पोर्सेलिनोचं ‘किंग-कॅट’ हे कॉमिक १९८९ पासून निघतंय, आणि तो अंकात वाचकांची पत्रंही छापतो. फक्त “तुमचं काम आवडलं” एवढ्यावर थांबू नका. कुठलं पान, कुठली चौकट, ते लिहा. सोबत स्वतःचं काहीतरी घाला, आठ पानी का असेना. आणि तुमचा पत्ता पाकिटावर असला तरी कॉमिकच्या शेवटच्या पानावरही लिहा. पाकिटं लोक फेकून देतात.