वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्स घरी उतरवता येईल का?

प्रश्न : आमच्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी, केबल क्लचची जुनी पेट्रोल मोटार आहे. कन्नड घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलावी लागेल, असे मेकॅनिक म्हणतात. हे काम मी आणि धाकटा भाऊ घरच्या अंगणात करू शकू का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : करू शकाल, मात्र आधी क्लचच्या पेडलला थोडी ढिलाई उरली आहे का, हे पाहावे, कारण केबल ताणलेली राहिली तर चांगली प्लेटही घसरते. केबल ठीक असून, हँडब्रेक घट्ट ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावरही इंजिन बंद पडत नसेल, तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून मार्ग नाही.

मला अधिक काळजी वाटते ती अंगणाची. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात दगडासारखी भासते, पण तिच्यात भेगा असतात आणि वळवाची एक सर पडताच ती जॅकला पोटात घेते. म्हणून गाडी सिमेंटच्या कोब्यावरच घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी आणि गाडीचे वजन लोखंडी घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) टेकवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण स्टार्टरला जाणारी जाड तार सदैव जिवंत असते. गिअरबॉक्समधले ऑइल काढून घ्यावे, मग चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट, क्लच केबल, गिअरचा दांडा, रिव्हर्स दिव्याची वायर आणि स्टार्टर वेगळे करावेत. बोल्ट कमी-अधिक लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर आकृती काढून ते त्या-त्या जागी खोचून ठेवावेत. इंजिन-गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणारी माउंटिंग सोडवण्यापूर्वी इंजिनच्या चेंबरखाली (तळाच्या ऑइलपात्राखाली) लाकडी ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावावा, नाहीतर इंजिन एका बाजूला कलते.

गिअरबॉक्स इंजिनपासून सरळ रेषेत दूर ओढावा. तो अर्धवट निघालेला असताना हाताने सोडला, तर त्याचे सारे वजन इनपुट शाफ्टवरून (क्लचप्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावरून) क्लचप्लेटवर येते आणि प्लेटचा मधला भाग वाकतो. म्हणून भावाने खालून जॅकने आधार धरावा आणि तुम्ही तो हलवत सोडवावा. तो निघत नसेल, तर एखादा बोल्ट राहिला आहे असे समजून शोधावे. ॲल्युमिनियमच्या सांध्यात पेचकस घालून उचकटू नये.

इतके श्रम घेतल्यावर क्लचप्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंगही बदलावेच. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल, तर सीलही आताच बदलावे. जोडताना नवी प्लेट अचूक मध्यावर बसवावी. गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण भिडल्याखेरीज बोल्ट आवळून त्याला ओढू नये, कारण त्यामुळे हाऊसिंगचा कान तुटतो. शेवटी, इंजिन सुरू करण्याआधी गाडी सपाटीवर घेऊन गिअर ऑइल ठरलेल्या पातळीपर्यंत भरावे.