रहस्यकथा वाचायला घेतेयस ना, मग हे आधी वाच

अगं दोन लहान मुलं, घरात सासू-सासरे, त्यात वाचणार कधी म्हणून घाबरू नकोस, मी बावीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजत खून सोडवतेय.

सुरुवात जाड कादंबरीने करू नकोस, सगळे तीच चूक करतात आणि चाळीस पानांवर पुस्तक पडून राहतं. आधी लघुकथा घे. शेरलॉक होम्सच्या ५६ आहेत, कादंबऱ्या फक्त ४, एक कथा दुपारच्या झोपेच्या वेळात आरामात होते. मग पॉयरो, अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर. तो १९२० पासून आहे, क्रम पाळायची फारशी गरज नाही, पण १९७५ चं 'कर्टन' शेवटीच वाच, ती त्याची शेवटची केस आहे.

आता घरच्या भानगडी:

- पात्रांची नावं बुकमार्कवरच लिहून ठेव. चार दिवस पुस्तक हातात आलं नाही की मेजर कोण आणि डॉक्टर कोण काही आठवत नाही, मग मागची पानं उलटण्यातच वेळ जातो.
- शेवटची ५० पानं शाळेच्या आदल्या रात्री अजिबात नाही!! मी एकदा दोन वाजेपर्यंत जागले आणि सकाळी डब्यात भाजीच भरली नाही, नुसत्या पोळ्या.
- खुनी ओळखता आला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, मला अजून दहातले आठ चुकतात.

आणि पुस्तक टीपॉयवर ठेवू नकोस. आमच्या सासूबाई आधी शेवटचं पान वाचतात आणि जेवताना सांगतात.