गावाकडची खबर ठेवायची तर पेजं थोडी धरा, पण मुळाची धरा

तुमचा प्रश्न असा आहे: गाव परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, आईवडील तिकडंच, नोकरी पुण्यात. जिल्ह्याच्या नावाची दिसतील तेवढी फेसबुक पेजं फॉलो केली, पण समोर येतात ते 'भावी नगराध्यक्षां'चे वाढदिवस आणि कुठल्या तरी जुन्या पुराचे व्हिडिओ. कामाचं कळतं ते दोन दिवस उशिरा. मग कोणती पेजं धरावीत?

पेजांकडं येतो, पण आधी खबरीचे दोन भाग करा. कुणाची माती (अंत्यविधी) किती वाजता आहे, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळालाय का, नळ कधी येणार, नदीला पाणी वाढलंय का, या खबरीला तासाची किंमत असते. ती फेसबुकवर शोधूच नका. फेसबुक पोस्टा वेळेच्या क्रमानं दाखवत नाही, ज्यावर लोक जास्त थांबतात ती वर येते. निधनाच्या पोस्टखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' साचत साचत ती तुमच्यापर्यंत येते तोवर इकडं सावडणंही उरकलेलं असतं. अशा खबरीला व्हॉट्सअॅप गटच लागतो, आणि तोही दोन तुकड्यांत: एक गप्पांचा, एक फक्त सूचनांचा. सूचनांच्या गटात परवानग्यांमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याचा हक्क अॅडमिनपुरताच ठेवायला सांगा. गटात १,०२४ माणसं बसतात, म्हणजे घरटी एक धरला तर बहुतेक गावं मावतात. गप्पांचा गट म्यूट करा, सूचनांचा उघडा ठेवा. बहुतेक गावांत एकच गट असतो, शंभर गुड मॉर्निंगांना कंटाळून लोक तो म्यूट करतात आणि मग मातीची खबर हुकते.

योजना, भरती, यात्रेची वाहतूक, मोंढ्याचे (बाजार समितीतले) भाव, रेल्वेचे ब्लॉक (कामासाठी मार्ग बंद ठेवणं) या दुसऱ्या भागाला पेजं चालतात. त्यासाठी फेसबुकात दोन गोष्टी करून ठेवा. ज्या पाच-सात पेजांशिवाय चालणार नाही त्यांच्या 'फॉलोइंग'वर दाबून 'फेव्हरिट्स' करा (एकूण ३० जागा मिळतात, भरायची गरज नाही). आणि रोज मुख्य फीड चाळण्याऐवजी मेनूतल्या 'फीड्स'मध्ये जा. तिथं फेव्हरिट्स, पेजेस असे वेगळे कप्पे आहेत आणि ताजी पोस्ट वर येते. फरक त्याच दिवशी दिसेल. बाकीच्या पेजांवरून 'अनफॉलो' करताना संकोच नको. मित्र-पाहुण्याचं पेज असेल तर लाइक तसंच ठेवूनही अनफॉलो करता येतं, त्याला कळत नाही.

आता कोणती पेजं. नियम एकच: खबर जिथं जन्मते ते पेज धरा, जिथून ती वाहत येते ते नको. परभणीपुरतं बोलायचं तर जिल्हा माहिती कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पोलीस, जिल्हा परिषद, तुमची नगरपरिषद, महावितरण आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. विद्यापीठाचा हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. शेती वडील करत असतील तर तो त्यांना पाठवायचं काम तुमच्याकडं घ्या. रेल्वेची गोम अशी की पुण्याकडून येणारी गाडी मध्य रेल्वेच्या हद्दीतून निघून दक्षिण मध्य रेल्वेच्या हद्दीत शिरते, म्हणून ब्लॉकची सूचना दोन्हीकडं बघावी. एकाच ठिकाणी बघितलं की 'गाडी अंशतः रद्द' हे स्टेशनवर कळतं.

ही पेजं शोधपट्टीत नाव टाकून शोधू नका, तिथं डुप्लिकेट आधी येतात. जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर जा, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना पाहा आणि तिथल्या दुव्यावरून पेजवर या. निळ्या टिकेवर भरवसा नको, २०२३ पासून ती पैसे भरून मिळते. एक्सवर सरकारी खात्याची टीक करड्या रंगाची असते, ती खरी खूण. फेसबुक पेजची कुंडली 'पेज ट्रान्सपरन्सी'त सापडते: पेज कधी निघालं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कोणत्या देशातून चालवतात. काल 'लव्ह स्टेटस मराठी' असलेलं पेज आज 'परभणी ब्रेकिंग' झालेलं तिथं सरळ दिसतं. मात्र नाव बदललं म्हणजे पेज खोटंच, असंही नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा चांगल्या पेजांनीही नावं बदलली. काहींनी अजून बदललेली नाहीत, म्हणून शोधताना दोन्ही नावं टाका.

गोदाकाठचं गाव असेल तर पाण्याच्या पोस्टा वाचायला शिकावंच लागेल. सगळ्यात जास्त घबराट इथंच होते. पावसाळ्यात 'जायकवाडीचे १८ दरवाजे उघडले' असा व्हिडिओ फिरतो, पाणी धो धो, खाली 'गोदाकाठच्या गावांना धोका'. यात दरवाज्यांचा आकडा काहीच सांगत नाही. नाथसागराला, म्हणजे पैठणच्या या जायकवाडी धरणालाच, एकूण २७ दरवाजे आहेत. त्यातले १८ दरवाजे अर्धा-अर्धा फूट उचलले तर विसर्ग साधारण ९,४३२ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) असतो, आणि त्यानं नदी पात्रातच राहते. तेच दरवाजे जास्त उचलले की गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये विसर्ग लाखांत गेला होता. म्हणून पोस्टमध्ये तीन गोष्टी शोधा: किती फूट, किती क्युसेक, आणि किती वाजता. वेळ नसेल तर ती पोस्ट बाजूला ठेवा.

टक्केवारीतही गफलत असते. 'धरण ९० टक्के' हे बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याचं (वापरता येणाऱ्या पाण्याचं) असतं, एकूण साठ्याचं नव्हे. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यात उपयुक्त सुमारे ७६. एक पेज एक आकडा धरतं, दुसरं दुसरा, आणि कमेंटीत मारामारी. आवक मोजायची तर हे लक्षात ठेवा: ११,५७४ क्युसेकनं २४ तास पाणी आलं की १ टीएमसी भरतं.

आणि गंगाखेडला फक्त पैठणचं पाणी येत नाही. माजलगाव धरणातून सिंदफणेत सोडलेलं पाणीही मंजरथजवळ गोदेला मिळतं आणि खाली तुमच्याकडंच येतं. वाटेत ढालेगाव, मुदगलचे बंधारे आहेत, त्यांचे दरवाजे कधी उघडतात यावरही तुमच्या घाटावरची पातळी ठरते. त्यामुळं नुसतं जायकवाडीचं पेज बघून 'विसर्ग कमी झाला, आता काळजी नाही' असा निरोप घरी देऊ नका. दोन्ही धरणांचे आकडे आणि तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा इशारा, हे तिन्ही जुळलं तरच बोला.

पावसाचंही तसंच. 'तालुक्यात अतिवृष्टी' असं पेज लिहितं, पण मोजणी महसूल मंडळाची (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाची) असते: मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. शेजारच्या मंडळात ८० आणि तुमच्यात ४० असं सर्रास होतं. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय आकडे मिळतात, पंचनाम्यावरून भांडायच्या आधी ते बघून घ्या.

जोराचा पाऊस लागला की 'उद्या शाळांना सुट्टी'चं पत्र फिरतं. खोटं बनवणारा बहुधा जुन्या खऱ्या पत्रावरच तारीख चिकटवतो, म्हणून चूक तारखेतच सापडते. पत्रात दिनांकासोबत वार लिहिला असेल तर कॅलेंडर काढून जुळतो का पाहा, निम्मी खोटी पत्रं इथंच पडतात. मग जावक क्रमांक आणि सही. आणि जिल्हा. परळी तुम्हाला जवळ, पण ती बीड जिल्ह्यात. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश गंगाखेडच्या शाळेला लागू नाही.

मोंढ्याच्या भावाची पोस्ट बघताना मोठ्या अक्षरातला आकडा सोडा. पेजवाले कमाल भाव छापतात, तो दोन-चार ढिगांना मिळालेला असतो. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात आणि शेजारी आवक. तुमच्या मालाला मिळायचा तो सर्वसाधारणच्या आसपास. हमीभाव ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, तो खरेदी केंद्रावर नोंदणी करूनच मिळतो. तो आकडा 'आजचा भाव' म्हणून टाकणारी पेजं कमी नाहीत. टेम्पो भरायचा असेल तर भाव नंतर बघा, आधी लिलाव चालू आहेत का ते बघा. जुन्या पोस्टांचाही असाच घोळ. खरीप २०२३ मध्ये सुरू झालेला एक रुपयाचा पीक विमा खरीप २०२५ पासून बंद झाला, तरी 'फक्त १ रुपयात' हे पोस्टर दर जून-जुलैत परत उगवतं.

गावपातळीवरच्या 'न्यूज' पेजांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. रस्ता वाहून गेला, मोर्चा निघाला, हे सगळ्यात आधी तेच दाखवतात, आणि माईक घेऊन चिखलात उभं राहायला माणूस लागतो. त्यांची अडचण जागेची. 'पिंपळगावात बिबट्या' अशी पोस्ट आली की कोणतं पिंपळगाव? मराठवाड्यात पिंपळगाव, वडगाव, बोरगाव डझनांनी आहेत. तालुका लिहिलेला नसेल तर कमेंटीत विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढं पाठवू नका. व्हॉट्सअॅपवर दोन बाणांचं 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' दिसलं तर ती खबर तुमच्या गावातली असण्याची शक्यता तशीही कमीच. जुन्या व्हिडिओचा संशय आला तर एक स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्समध्ये टाका, जुना असला तर बहुतेक वेळा सापडतो.

व्हॉट्सअॅप चॅनल हा मधला मार्ग बरा. तुमचा नंबर बाकीच्यांना दिसत नाही, बडबड नाही. पण तिथला मजकूर सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच राहतो, तेव्हा भरतीची जाहिरात किंवा आदेश कामाचा वाटला तर लगेच उतरवून ठेवा.

आईवडिलांना एवढं एक सांगून ठेवा: 'बिल भरलं नाही, आज रात्री लाइट कापणार, या नंबरला फोन करा' असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला की तो फसवणुकीचा. त्या नंबरला फोन करायचा नाही, लिंक उघडायची नाही. महावितरणचा खरा नंबर १९१२. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० ला फोन, मग बाकीचं. आणि पूर-आगीत पेजच्या इनबॉक्सला मेसेज टाकत बसू नका, तो कोण कधी उघडेल सांगता येत नाही. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२.

शेवटी तुम्ही विचारलं की गावाचं पेज आपणच काढावं का. काढा, पण ग्रामपंचायतीला उभा राहणारा माणूस अॅडमिन नको, नाहीतर सहा महिन्यांत त्याचं प्रचारपत्रक होतं. अॅडमिन किमान दोन, त्यातला एक गावात राहणारा. एकच असला आणि त्याचं खातं बंद पडलं की पेज अनाथ. प्रत्येक पोस्टमध्ये गाव, तालुका, तारीख. हरवलेल्या मुलाचा फोटो टाकला तर सोबत ठाण्याचं नाव टाका आणि मूल सापडलं की त्याच दिवशी पोस्ट काढा. रस्त्याच्या पैशावरून भांडण पेटलं तर कमेंटी बंद करून ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरचा तुमच्या ग्रामपंचायतीचा खर्चाचा तक्ता टाका, पुढचं लोक ग्रामसभेत विचारतील.