पिझोइलेक्ट्रिक संशोधन की बी.एड.?

नमस्कार भाऊसाहेब,

यावलहून तुमचं पत्र मिळालं. लेक बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पिझोइलेक्ट्रिक पदार्थांनी रंगाचं सांडपाणी शुद्ध करण्यावर तिला संशोधन करायचंय, आणि तुम्ही विचारता, यात पोट भरेल का, की बी.एड.ला घालू?

आधी ती काय म्हणते ते पाहा. काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, त्यांनाच पिझोइलेक्ट्रिक म्हणतात. क्यूरी बंधूंनी हे 1880 साली दाखवलं. खटका दाबायच्या गॅस लायटरची ठिणगी त्यातूनच पडते. बेरियम टायटनेट किंवा झिंक ऑक्साइडची भुकटी पाण्यात टाकून अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडल्या, की कण दाबले जातात आणि या भारामुळे रॅडिकल्स, म्हणजे अतिशय क्रियाशील अणू-रेणू तयार होतात आणि रंगाचे रेणू तोडतात. उजेडाची गरज नाही, म्हणून गढूळ पाण्यासाठी संशोधकांना ही वाट आशेची वाटते.

मात्र हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. लहरींसाठी वीज जळते, भुकटी पाण्यातून परत काढावी लागते. शिवाय रंग उडाला म्हणजे पाणी निर्धोक झालं असं नाही. रेणूंचे तुकडे उरतात, म्हणून पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. हे प्रश्न लेकीपुढे ठेवा. ती उत्तरं शोधायला बसली, तर तिला अडवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

फक्त एवढ्याशा विषयावर सगळं करिअर बांधू नये. एम.एस्सी. केमिस्ट्रीतच करावी, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर, एचपीएलसी या रासायनिक तपासणीच्या यंत्रांवर हात बसवावा. हे ज्याला येतं त्याला औषध कंपन्या आणि पाणी तपासणी प्रयोगशाळांत काम मिळतं, पिझोचं पुढे काहीही होवो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात एम.एस्सी.ची सोय आहे, त्यामुळे लगेच घर सोडायची गरज नाही. पुढे पीएच.डी.साठी नागपूरची नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. म्हणजे तुमच्या केळीच्या पैशावर भार नाही.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर त्यासाठीची जॅम ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारण सप्टेंबरपासून सुरू होतात. ती शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, तेव्हा यंदाच फॉर्म भरू द्या.