सी-पेप्टाइड येतं कुठून?

प्रश्न : आई इन्सुलिनची इंजेक्शनं घेते. डॉक्टरांनी या वेळी रक्तातलं इन्सुलिन न तपासता 'सी-पेप्टाइड' तपासायला सांगितलं. ते काय असतं? आणि इन्सुलिन पेशीबाहेर पाठवायचं, हे पेशीला कळतं कसं?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत आधी 110 अमिनो आम्लांची साखळी बनते. तिची पहिली 24 म्हणजे पत्ता. रायबोसोममधून (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) हा तुकडा बाहेर डोकावला की एसआरपी नावाचा कण त्याला पकडतो आणि रायबोसोमसकट आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतलं पडद्यांचं जाळं) दाराशी नेतो. साखळी आत शिरली की पत्ता छाटला जातो. उरतं 86 अमिनो आम्लांचं प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनचं कच्चं रूप. पत्ता प्रथिनातच लिहिलेला असतो, या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

जालिकेत साखळीची घडी बसते आणि सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्यांमध्ये तीन डायसल्फाइड बंध जुळतात. मूळ 110 च्या साखळीत 96 व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन आलं तर एक बंध जुळतच नाही. बिघडलेला माल तिथेच तुंबतो, बीटा पेशी मरू लागतात आणि तान्ह्या बाळालाही मधुमेह होऊ शकतो.

पुढे गॉल्जीत (पेशीचं टपाल कार्यालयच) वाटणी. इथे एक उलटी गोष्ट आहे : बाहेर जायला सहसा वेगळी चिठ्ठी लागत नाही, आत राहायला लागते. लायसोसोमच्या (पेशीतली कचरा पचवणारी पिशवी) विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर, मॅनोज-6-फॉस्फेटचा शिक्का असतो. तो मारणारं विकरच सदोष असलं (आय-सेल आजार) की बरीचशी विकरं थेट रक्तात जातात. प्रोइन्सुलिनला मात्र लगेच सोडत नाहीत, रक्तातली साखर वाढेपर्यंत कणिकांत (पेशीतल्या छोट्या पिशव्या) साठवतात. तिथे ते दोन ठिकाणी कापलं जातं. सांध्यावरची चार अमिनो आम्लं गळतात, 51 चं इन्सुलिन जस्ताबरोबर स्फटिक होऊन बसतं आणि मधला 31 चा तुकडा सुटा होतो. हेच सी-पेप्टाइड.

कणिका फुटली की दोन्ही सारख्याच संख्येनं रक्तात येतात. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये दिसेल ते आईच्या स्वतःच्या बीटा पेशींचं. शिवाय इन्सुलिनचा जवळपास निम्मा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेतं, सी-पेप्टाइडला ते फारसं हात लावत नाही. ते काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा आकडा उगाच फुगतो, म्हणून सोबत क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा) रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा.