कागद येईपर्यंतचे दिवस

अगं, तुझा मेसेज आला तेव्हा रात्रपाळ्या चालू होत्या, म्हणून उत्तराला उशीर झाला. तू विचारलंस ते असं: एजंट म्हणतोय की आठ महिन्यांत जर्मनीत कामाला लागाल, दोन वर्षांत पर्मनंट, पाच वर्षांत तिथला पासपोर्ट. हे खरं का? चार वर्षांच्या लेकराला आईकडे ठेवून पुढं जावं का? आणि अक्का, तुझं नागरिकत्व अजून कशात अडकलंय?

एजंटानं सांगितलेली वर्षं कायद्यात कुठं ना कुठं आहेत, पण त्यानं ती अर्धीच सांगितली. दोन वर्षांत राहण्याचा कायमचा परवाना हा जर्मनीतच शिक्षण घेतलेल्यांसाठी. आपल्यासारख्या बाहेरून शिकून गेलेल्या नर्सना ३ वर्षं, आणि तीही पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळून त्या परवान्यावर आल्यापासून मोजतात. पासपोर्टची ५ वर्षं म्हणजे ५ वर्षांनी अर्ज करता येतो, इतकंच. अर्ज टेबलावर किती दिवस पडून राहील, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. मी इथं जानेवारी २०१७ मध्ये आले. तेव्हापासून माझ्या आयुष्यातले किती महिने कुठला ना कुठला कागद यायची वाट बघण्यात गेले, ते मोजायला बसले की जीव कासावीस होतो.

पहिली वाट मान्यतेची. आपली बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, इथं थेट चालत नाही. मार्कशीट, अभ्यासक्रमातले थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले, सगळं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून द्यायचं. मग ते तपासून सांगतात की तुमच्या शिक्षणात अमुक अमुक कमी आहे. त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. जवळजवळ सगळ्यांनाच तो येतो, त्यामुळं आला तर रडत बसू नकोस. त्यानंतर परीक्षा दे नाहीतर काही महिन्यांचा पूरक कोर्स कर. तोवर तू मदतनीस म्हणून काम करणार, पगारही मदतनीसाचाच. निर्णयाची मुदत त्यांना असते खरी, पण ती कागद पूर्ण झाल्या दिवसापासून सुरू होते. एक पान कमी असलं तरी घड्याळ सुरूच होत नाही. पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल सर्टिफिकेट शक्यतो ३ महिन्यांपेक्षा जुनं घेत नाहीत. म्हणून ते सगळ्यात शेवटी काढ. माझे दोन्ही दाखले बाकीच्या कागदांची वाट बघता बघता शिळे झाले आणि पुन्हा काढावे लागले.

आता नावाचं बोलते, कारण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या लोकांचं खरं दुखणं तिथंच आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि प्रत्येक कारकुनानं कानाला वाटेल तसं लिहिलेलं आडनाव. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. बारशाआधी दवाखान्यानं नोंद पाठवली, नंतर कुणी नाव घालायला गेलंच नाही. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. रोज बुडवून इंद्रभुवनला, महापालिकेत, हेलपाटे कोण घालणार? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगचं, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. सोलापुरात यानं कधी काही अडलं नाही. इथं प्रत्येक फरकाला एक पत्र आलं, आणि प्रत्येक पत्राला दीड-दोन महिने गेले.

त्यात आणखी एक भानगड आहे, ती एजंट सांगत नाहीत. तुझी मैत्रीण कॅनडाला किंवा दुसरीकडं गेली असेल तर ती म्हणेल, मंत्रालयातून सही घे, अपोस्टिल कर (परदेशात दाखला चालावा म्हणून त्यावर लावतात तो सरकारी शिक्का), झालं. पण भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात गेला तेव्हा जर्मनीनं आक्षेप घेतला होता. त्यामुळं जन्माच्या-लग्नाच्या दाखल्यावरच्या आपल्या अपोस्टिलला इथं किंमत नाही. शंका आली की जर्मन वकिलात भारतातल्या वकिलामार्फत तो दाखला जागेवर जाऊन तपासते. नवऱ्याला इथं आणताना आमच्या लग्नाच्या दाखल्याची अशी पडताळणी झाली. एक अनोळखी माणूस सोलापुरात आमच्या अशोक चौकात येऊन शेजारपाजारच्यांना विचारून गेला, हे दोघं खरंच नवराबायको का, लग्न कधी झालं. काकूंना वाटलं, आमच्यावर केसच झाली की काय! त्या एका तपासणीला सात महिने लागले. सात महिने आम्ही दोघं रोज रात्री फोनवर एकच वाक्य बोलायचो, आज काही आलं का?

तर तुझा जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला हे चारही एकाच स्पेलिंगचे आहेत का, ते आधी बघ. नसतील तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घे, आणि सगळीकडं तेच लाव. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लावलं नसशील तर आता मध्येच लावू नकोस. लेकराच्या दाखल्यावर त्याचं नाव आहे की नाही, तेही बघ. जन्माच्या नोंदीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं.

पुढचं लिहायला मला जड जातंय. पण तुला सांगितलंच पाहिजे.

माझा परवाना मार्च २०१९ अखेर संपत होता. मी जानेवारीतच नूतनीकरणाचा अर्ज ईमेलनं पाठवला. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून तारीख आली ११ जूनची. मी निश्चिंत, कारण अर्ज वेळेत केलाय. एप्रिलमध्ये वडिलांना दवाखान्यात ठेवलं. भाऊ म्हणाला, ये. माझ्या हातात संपलेलं कार्ड आणि एका ईमेलची प्रिंट. मैत्रिणी म्हणाल्या, गेलीस तर परत येताना विमानतळावर अडवतील, नोकरी जाईल, नवऱ्याचाही परवाना अडकेल. मी कार्यालयात गेले, दारावरच्या माणसानं सांगितलं, अपॉइंटमेंट नाही तर आत नाही. दवाखान्याचे कागद मोबाईलवर दाखवले, तरी नाही. सहाव्या दिवशी वडील गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भावाच्या फोनवर. त्यानं फोन उंच धरला होता आणि मागं माणसांचा गलका होता, मला नीट काही ऐकूसुद्धा येत नव्हतं.

नंतर वॉर्डातल्या एका जुन्या केरळी सिस्टरनं सांगितलं की मला जाता आलं असतं. परवाना संपायच्या आत अर्ज केला असेल तर जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू धरतात. त्याचा एक कागद मिळतो, फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग. तो तू हक्कानं मागायचा. त्यावर इथल्या निवास कायद्याच्या कलम ८१ चं चौथं पोटकलम टिक केलेलं असेल तर तो पासपोर्ट आणि जुन्या कार्डासोबत घेऊन भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाचा असेल तर इथं राहता येतं, पण त्यावर परत आत येता येत नाही. हातात घेतल्याबरोबर कुठली चौकट टिक केलीय ते बघ. घरी कुणी गंभीर असेल तर डॉक्टरांचं पत्र इंग्रजी किंवा जर्मनमध्ये करून ‘तातडीचं’ म्हणून मेल करायचा, सोबत पोस्टानंही पाठवायचं. दारावर जाऊन विनवण्या करून उपयोग नाही. हे मला एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तर!

म्हणून माझं तुला कळकळीनं सांगणं आहे. वाट किती बघायला लागेल ते तुझ्या हातात नाही. पण त्या काळात सोलापूरला जाऊन परत येता येईल असा कागद एक दिवसही हातचा सुटू देऊ नकोस. कार्डाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, तीन महिने आधी अर्ज कर, पोच लेखी घे, आणि तो कागद मागत राहा.

लेकराचं. मान्यता मिळेपर्यंत त्याला आईकडे ठेवावं, असं मला वाटतं, कारण मदतनीसाच्या पगारात आणि हॉस्टेलच्या खोलीत त्याचा व्हिसा होणं अवघड; पुरेसं उत्पन्न आणि पुरेशी जागा दाखवावी लागते. पण त्याला तारीख सांगू नकोस. दिवाळीला नेते, गड्ड्याच्या जत्रेआधी नेते, असं काही कबूल करू नकोस. मुलं दिवस मोजतात.

आणि माझं नागरिकत्व. २७ जून २०२४ पासून ८ वर्षांची अट ५ वर आली. मी ऑगस्टमध्ये अर्ज केला. भाषेचं बी-१ होतं, नागरिकत्वाची परीक्षा आधीच झाली होती (३३ प्रश्न, १७ बरोबर यावे लागतात, ती अवघड नाही), फी २५५ युरो. पोच आली, आणि खाली ओळ: कृपया अर्जाच्या स्थितीची चौकशी करू नये. तेव्हापासून वर्ष उलटून गेलं. कारण मला कळतं. अट सैल झाली, त्यात २०१५ च्या सुमारास आलेले निर्वासित आता पात्र झाले. २०२३ मध्ये देशभरात सुमारे २ लाख लोकांना नागरिकत्व मिळालं, २०२४ मध्ये २ लाख ९० हजारांहून जास्त. टेबलं तीच, माणसं तीच. तरी ‘चौकशी करू नये’ हे वाक्य मला लागतं. इथं मी रात्री-अपरात्री त्यांच्या म्हाताऱ्यांची कूस बदलते, आणि माझ्या अर्जाचं काय झालं एवढंही मी विचारायचं नाही? तीन महिन्यांत निर्णय नाही लागला तर प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो. माझ्या एका सहकारी सिस्टरनं लावला, तिची फाईल हलली. मी अजून लावलेला नाही, पण या उन्हाळ्यापर्यंत बघणार आणि मग लावणार.

खरं सांगू, थोडी भीतीही आहे. जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण आपला कायदा दोन ठेवू देत नाही. इथलं प्रमाणपत्र हातात आलं की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. ओसीआयवर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वडिलांकडून आलेली ठेवता येते. आणि ते कार्ड येईपर्यंत सोलापूरला जायचं तर व्हिसा काढावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच, मध्ये एक पोकळी, आणि पलीकडं आई. ती आता सत्तरीला आली. म्हणून मी ठरवलंय की प्रमाणपत्र घ्यायला बोलावतील त्याआधी आईकडं महिनाभर राहून येईन, आणि पासपोर्ट जमा केल्या दिवशीच ओसीआयचा अर्ज टाकीन.

पैशाचं फार सांगत नाही. एजंटाला लाखांत काही देऊ नकोस, चांगलं हॉस्पिटल नर्सला आणायचा खर्च स्वतः करतं. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही ताब्यात ठेवू नकोस. महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा २०२४ मध्ये करार झालाय, त्यातून काही जमतं का, त्याचीही चौकशी कर. जर्मन मात्र बी-२ पर्यंत तिकडंच करून ये. इथं ड्युटी करून शिकणं फार जिवावर येतं.

उद्या सुट्टी काढता आली तर इंद्रभुवनला जा. तुझा आणि लेकराचा जन्मदाखला नवीन काढून घे, दोन्हींचे फोटो पासपोर्टच्या पहिल्या पानासोबत मला पाठव. रविवारी मला सुट्टी आहे. आपण फोनवर बसून एकेक अक्षर जुळवून बघू.